दाजींची पाचक गोळी

मिरजेहून भिवंडीला हवापालटासाठी कुणी जात नाही. मी जाते म्हटल्यावर शेजारच्या वहिनींनी "कुठल्या भिवंडीला?" असं विचारलं, जणू महाबळेश्वराच्या पलीकडे दुसरी एखादी थंड हवेची भिवंडी असावी. मी म्हटलं, तीच, यंत्रमागांची आणि गोदामांची. त्यावर त्यांनी मला तोंडाला बांधायचा एक मास्क आणि वाटेत खायला मोसंबी दिली. आता मात्र मीच ज्याला त्याला सांगत सुटले आहे की बाबांनो, एकदा भिवंडी तालुका बघाच. का, ते सांगायला गेलं की मला हसू फुटतं आणि गोष्ट अर्धीच राहते. म्हणून लिहायला घेतलं.

गेले ती कुंदाताईच्या फोनमुळे. कुंदाताई माझी थोरली मावसबहीण. अंबाडीच्या शाळेत शिक्षिका म्हणून गेली आणि वडप्याच्या शेतकरी घरात लग्न करून तिथलीच झाली. तिचे यजमान ते आमचे दाजी. दीड वर्षापासून त्यांना उलट्यांचे झटके येत होते. दोन-चार दिवस पोटात पाणी ठरायचं नाही, मग आपोआप थांबायचं, पुन्हा महिन्याभरानं तेच. सगळ्या तपासण्या झाल्या. सोनोग्राफीत पित्ताशयात थोडा गाळ दिसला, तेव्हा ठाण्याच्या सर्जननी सांगितलं की पित्ताशय काढून टाकू आणि बघू. "सोमवारी ऑपरेशन आहे," ताई फोनवर म्हणाली, "आणि 'बघू' म्हणजे काय ते मला कुणी सांगत नाही. तू ये."

मी डॉक्टर नव्हे. मी फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवली, म्हणजे औषध अंगात गेल्यावर काय उद्योग करतं ते मुलांना सांगितलं. पण आमच्या माहेरी कुणाला शिंक आली तरी मला फोन येतो, आणि मला तो आवडतो. लगेच बॅग भरली.

वडपे

वडपे हे गाव आता गोदामांच्या फटीत राहतं. नाशिकचा हायवे, त्याला चिकटून निळ्या-पांढऱ्या पत्र्यांची गोदामं, त्यांच्यामधून एखादं राहून गेलेलं भाताचं खाचर, आणि त्या खाचरात निवांत उभा असलेला बगळा. दाजींची बरीचशी जमीन गोदामांना भाड्यानं गेलेली. घराच्या गच्चीवरून समोरच्याच गोदामाचा डॉक, म्हणजे माल चढवा-उतरवायचा धक्का, दिसतो आणि दाजी तिथं खुर्ची टाकून कंटेनर मोजत बसतात. आमच्याकडे म्हातारी माणसं पारावर बसून जाणारी-येणारी माणसं बघतात, तेच इथं जरा मोठ्या मापात.

दाजींना मात्र मी पटकन ओळखलंच नाही. उंचपुरा माणूस, आवाज असा की गोदामाच्या या टोकाचा त्या टोकाला ऐकू जावा. आता सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. पण थट्टा तीच. मिरजेच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना दाजी म्हणते, याचं त्यांना अजून नवल वाटतं.

"या मास्तरीणबाई," ते म्हणाले, "पोट कापायच्या आधी बघून घ्या. नंतर वजन आनखी कमी व्हईल."

मी गोदामाबद्दल विचारलं तसे ते खुलले. इथली सगळी खुबी गाडी सोडण्यात नाही, गाडी थांबवण्यात आहे, असं त्यांचं म्हणणं. डॉक भरला की आतला माणूस बाहेर गाड्या उभ्या असतात त्या यार्डात फोन करतो, आता सोडू नको. त्याचा फोन उशिरा गेला तर हायवेपर्यंत रांग लागते. हे सगळं ते हातवारे करून सांगत होते आणि मी माना डोलवत होते. पुढे हे मला इतकं कामाला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

जेवायला वालाचं बिरडं, सुकट आणि तांदळाची भाकरी होती. आम्ही ज्वारी थापणारी माणसं. इथं तांदळाच्या पिठाची आधी उकड काढतात, मग ती मळून भाकरी करतात, आणि ती इतकी मऊ पांढरी होते की मी पहिली भाकरी नुसतीच खाल्ली. वाल सोलायला बायकांची अर्धी सकाळ जाते, म्हणून बिरडं पानात टाकणं हा गुन्हा. आणि आग्रह! वडप्याला कुठलीही गोष्ट एक वाढत नाहीत. एक भाकरी वाढली तर पाहुणा रागावून जाईल अशी भीती असावी, सगळं जोडीनं येतं.

दाजींनी दोन घास खाल्ले आणि ते उठून न्हाणीघरात गेले. आतून वाफ यायला लागली. ताई म्हणाली, हे दिवसातून चार-पाच वेळा चालतं. मळमळलं की कडकडीत पाण्यानं आंघोळ करायची, तेवढा वेळ बरं वाटतं. गिझर दोनदा जळला. झटका मोठा असला तर गाडी काढून वज्रेश्वरीला जायचं, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात गळ्याइतकं बसायचं. तिथं उलटी थांबते म्हणजे थांबते. दाजी म्हणतात देवीची कृपा आहे.

मी मनात नोंद घेतली आणि ती तिथंच ठेवून विसरले. अनुभवी शिक्षकांचं हे असंच होतं.

दारूबंदी समिती

संध्याकाळी मारुतीच्या देवळात सभा होती. दाजी गावाच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष आहेत. दारू सोडाच, त्यांनी ताडीचा थेंब घेतला नाही की तंबाखू मळली नाही, आणि हे ते ओळख झाल्याबरोबर सांगतात. ताई म्हणाली, चल, यांची सभा बघण्यासारखी असते, गर्दी मावत नाही.

मी आमच्या सोसायटीच्या सभा पाहिलेल्या. तिथं पाण्याच्या टाकीवरून खुर्च्या उचलल्या जातात. इथं मी जरा उशिरा पोचले, तर चाळीसेक माणसं पाटावर बसल्यासारखी गोल बसून गुण्यागोविंदानं हसत होती. सेक्रेटरीनं मागच्या सभेचा वृत्तांत वाचला, त्याला हसले. मग कुणीतरी म्हणालं की नाक्यावरच्या बारसमोर निषेधाचा फलक लावू, पण फलकावर बारचं नाव कशाला, त्यानं गिऱ्हाईक वाढेल. यावर तर लोक एकमेकांच्या अंगावर कलंडले. भज्यांची परात आली आणि डोळ्यांदेखत रिकामी झाली. दुसरी आली, तीही. सगळे ठराव एकमतानं पास. व्यसनमुक्त माणसं इतकी आनंदी असतात हे पाहून मला गहिवरून आलं. ताईला मी तसं बोलूनही दाखवलं.

"सुरुवातीला हे सगळ्यांना पाचक देतात," ताई म्हणाली. "तू उशिरा आलीस, तुझी चुकली."

अंबाडी

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वज्रेश्वरीला निघालो. ऑपरेशनच्या आधी देवीचं दर्शन आणि कुंडात बसणं, दोन्ही करायचं होतं. वाटेत अंबाडीचा नाका. वाड्याकडे, भिवंडीकडे आणि वज्रेश्वरीकडे जाणारे सगळे इथं एकदा थांबतात आणि काहीतरी विकत घेतात. ताईची गाडी दिसली की तिचे जुने विद्यार्थी हात करतात, कारण अंबाडीतल्या अर्ध्या दुकानदारांना पाढे तिनं शिकवलेत. त्यातल्या एकाचं खानावळवजा हॉटेल आहे. त्यानं आम्हाला बसवलं आणि "बाईंची बहीण" म्हणून मला वाटाण्याची उसळ, वडे, वर वाडा कोलमचा भात, पुन्हा वडे असं खायला घातलं. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं की तो आतून आईला बोलावून आणायचा.

गाडीत बसले तेव्हा मला श्वास घेता येईना. दाजींनी मागं वळून बघितलं, खिशातून पुडी काढली आणि दोन काळपट, बोराएवढ्या गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या.

"पाचक हाय. मनुका, जिरं, सुंठ. टपरीवर मिळतं, सगळे डायवर खातात. घ्या."

मी म्हटलं, एक पुरे. दाजी म्हणाले, एकानं काय व्हनार? मी दोन्ही खाल्ल्या. गोड, किंचित हिरवट चव होती, वाईट नव्हती. बरंच पुढे गेलो तरी पोट तसंच टम्म, म्हणून दाजींनी आणखी एक दिली. स्वतः त्यांनी येताना किती खाल्ल्या ते मी मोजलं नाही. आयुष्यभर मी वर्गात सांगत आले की पोटातून घेतलेलं औषध असं चटकन लागत नाही, लागलं नाही म्हणून दुसरा डोस घेऊ नका. ते सगळं अंबाडीच्या उसळीखाली गाडलं गेलं.

वज्रेश्वरी आणि अकलोली

वज्रेश्वरीचं देऊळ लांबून किल्ल्यासारखं दिसतं. दगडी तट, चढत जाणाऱ्या पायऱ्या, पायऱ्यांच्या कडेला ओटीचं सामान आणि लाकडी खेळणी विकणारे. दाजी मधे दोनदा बसले. वर पोचल्यावर ते देवीसमोर हात जोडून इतका वेळ उभे राहिले की पुजाऱ्यानं रांग बाजूनं वळवली. हा माणूस घाबरला आहे हे मला तिथं कळलं. घरात तो आम्हाला हसवत होता, देवीपुढे त्याला कुणाला हसवायचं नव्हतं. मलाही रडू आलं. मग पायऱ्या उतरताना, कशावरून कोण जाणे, तेच रडू हसण्यात बदललं. एका लाकडी बैलाची मान हलत होती आणि तो माझ्या प्रत्येक म्हणण्याला हो म्हणत होता, एवढंच कारण.

खाली अकलोलीला नदीकाठी कुंडं आहेत. बायकांसाठी भिंतीआड वेगळं कुंड. पाणी असं तापलेलं की पाय आधी बोटभर, मग घोट्यापर्यंत, असा हप्त्यांनी घालावा लागतो. गंधकाचा वास येतो, पण पाच मिनिटांत नाक त्याची तक्रार करायचं सोडून देतं. हिवाळ्याचे दिवस, वर गार वारा आणि खाली हे पाणी. कोल्हापूरकडचं कुठलंही सुख मी यावरून ओवाळून टाकायला तयार होते. शेजारी ताई आणि गणेशपुरीकडच्या दोन-तीन बायका बसल्या होत्या. त्यातल्या एका मावशींनी सहज विचारलं, गरम पाण्यात येवढं बरं का वाटतं हो?

एरवी मी दोन वाक्यांत उत्तर दिलं असतं. त्या दिवशी मी उभी राहिले आणि व्याख्यान सुरू केलं. ओल्या नऊवारीत, छातीइतक्या पाण्यात, दोन्ही हात वर करून.

मी सांगितलं की कातडीत गरम पाणी ओळखणारा एक रिसेप्टर असतो, म्हणजे पेशीवरचं एक कुलूपच. मिरची लागली तरी तोच ओरडतो, म्हणून तिखट खाल्लं की आपण गरम झालं म्हणतो. आणि गंमत अशी की आपल्या शरीरात एक पदार्थ तयार होतो, तो या रिसेप्टरलाही लागतो आणि मेंदूतल्या दुसऱ्या एका रिसेप्टरलाही. संशोधकांनी त्याचं नाव आपल्या 'आनंद' या शब्दावरून ठेवलं आहे. हा पदार्थ म्हणजे शरीराची स्वतःची भांग.

"म्हंजे आमच्या अंगात भांग हाय?" मावशी म्हणाल्या.

"आहे," मी म्हटलं, "फक्त थोडी, आणि लगेच मोडून जाणारी. बाहेरून भांग घेतली की तीच कुलपं उघडतात, पण सगळी एकदम." आणि मी बोटांवर मोजायला लागले. पहिलं लक्षण, तोंड कोरडं पडतं. हे म्हणताना माझी जीभ टाळूला चिकटली. गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली बाई, आणि तोंडात वाळवंट. दुसरं, हृदय धडधडतं. माझं धडधडत होतं. तिसरं, सपाटून भूक लागते. अंबाडीचे ते सगळे वडे पोटात असताना मला समोरच्या स्टॉलवरच्या कांदाभज्यांचा वास येत होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. चौथं, वेळ लांबतो. मावशींनी प्रश्न विचारला त्याला माझ्या हिशेबानं एक आठवडा झाला होता. पाचवं बोट मी नुसतंच धरून राहिले. पाचवं म्हणजे हसू, आणि ते कधीच सुरू झालं होतं.

माझ्या विषयाची परीक्षा मी स्वतःच देत होते आणि सगळी उत्तरं बरोबर येत होती. मी आयुष्यात भांगेला हात लावला नव्हता. खाल्लं काय होतं? वडे, उसळ, भात. आणि दाजींची पाचक गोळी. मनुका, जिरं, सुंठ, आणि चौथं काहीतरी हिरवं.

मग दुसरं कुलूप उघडलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी शेवटच्या बाकाला जागं ठेवायला एक चमत्कारिक गोष्ट सांगायचे. वर्षानुवर्षं रोज भांग-गांजा घेणाऱ्या काही माणसांना उलट्यांचे झटके यायला लागतात. कुठल्या औषधानं थांबत नाहीत. आणि ही माणसं तासन्‌तास गरम पाण्यात बसून राहतात, कारण तेवढ्यानंच बरं वाटतं. परीक्षेत येत नसे, म्हणून कुणी लिहून घेत नसे.

भिंतीच्या पलीकडे पुरुषांच्या कुंडात दाजी गळ्याइतक्या गरम पाण्यात बसलेले होते.

मी भिंतीकडे तोंड केलं आणि ओरडले, "दाजी, तुमचं पित्ताशय चांगलं आहे! सोमवारी जाऊ नका!" आणि इतकी हसत सुटले की पाय घसरला. डोळ्यांपुढे अंधारी आली, कारण गरम पाणी आणि भांग दोन्ही मिळून रक्तदाब खाली नेतात. मावशींनी आणि ताईनं मला दोन्ही दंडांना धरून काठावर बसवलं. मावशी ताईला म्हणाल्या, यांच्या अंगात देवी आली काय? ताई म्हणाली, छे, ही आमच्याकडची, हिला नुसतं बोलायला आवडतं.

स्टॉलवर मी तीन प्लेट भजी खाल्ली आणि समोर बसलेल्या दोघांना सगळं सांगितलं. म्हणजे मला वाटलं सांगितलं. ताईच्या म्हणण्याप्रमाणे मी "रिसेप्टर" एवढा एकच शब्द बोलत होते आणि प्रत्येक वेळी टेबलावर डोकं ठेवून हसत होते. आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्याकडे होती आणि ती गंभीर तोंडानं सांगता येत नव्हती. दाजींचा चेहरा उतरला. ताई चिडली.

"माणूस ऑपरेशनला जातोय," ती म्हणाली, "आणि तुला चेष्टा सुचते, सुलभा."

मला फार वाईट वाटलं. वाईट वाटल्याचंही हसू आलं. परतीच्या गाडीत मी मागच्या सीटवर ओढणीसारखी पडून होते आणि ताई माझ्याशी बोलली नाही.

पुन्हा वडपे

सकाळी डोकं धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मी गच्चीवर दाजींच्या शेजारी खुर्ची ओढली, ताईलाही बसवलं, आणि पुडी मागितली. पुडीच्या मागं बारीक अक्षरात, मनुका-जिऱ्याच्या खाली, विजया लिहिलेलं होतं. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात, हे मी दोघांना सांगितलं. पुडीची मागची बाजू वडप्यात कुणी वाचत नाही. मिरजेतही नाही.

"किती घेता?" मी विचारलं.

तीनेक वर्षं झाली, दाजी म्हणाले. आधी जेवणानंतर दोन. मळमळायला लागल्यापासून जास्त. मळमळलं की दोन, उलटी झाली की चार.

"पर तिनंच तर बरं वाटतं," ते म्हणाले. "खोटं सांगत न्हाय."

"खोटं नाहीच," मी म्हटलं. समोर डॉकवर एक कंटेनर लागत होता आणि मला काल घसरलेला शब्द आज सापडला. "तुमच्या गोदामात चालतं तेच डोक्यात चालतं, दाजी. एक पेशी माल पाठवते, दुसरी उतरवून घेते. उतरवणारीकडे गर्दी झाली की ती स्वतःच्या भिंतीतल्या चरबीतून तो आनंदाचा पदार्थ बनवते आणि मागं पाठवते. पाठवणारीला तो निरोप पोचतो: आता गाडी सोडू नको. निरोप पोचला की पदार्थ मोडला, काम संपलं."

"आतल्या मानसाचा फोन," दाजी म्हणाले.

"तोच. भांगेतला नशा आणणारा पदार्थ, टीएचसी, त्याच नंबरावर फोन लावतो. उलटी आणणाऱ्या भागात गाड्या थांबल्या की मळमळ थांबते. म्हणून तर केमोथेरपी चालू असणाऱ्यांना याच जातीच्या कॅप्सूल देतात, मापात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याच झाडातला दुसरा एक पदार्थ झिंग न आणता लहान मुलांच्या काही हट्टी फिट्सवर चालतो. झाड वाईट नाही. पण टीएचसी शरीराच्या पदार्थासारखा चटकन मोडत नाही, चरबीत जाऊन बसतो. आणि तुम्ही रोज, दिवसभर फोन लावताय. दिवसभर फोन वाजत राहिला तर यार्डातला माणूस काय करेल?"

दाजींनी विचार केला. "उचलायचाच बंद करील."

"केला त्यानं. रिसेप्टर कमी होतात, ऐकेनासे होतात. आतड्यातही तेच असतात, तिथंही सगळं बिघडतं. नेमकं कसं उलटतं ते अजून कुणाला पुरतं कळलेलं नाही, पण उलटतं. मग जी गोळी उलटी थांबवायची तीच उलटी आणते, तुम्ही आणखी घेता, आणि गरम पाणी तेवढं तुम्हाला वाचवतं. काही ठिकाणी डॉक्टर अशा लोकांच्या पोटाला मिरचीच्या अर्काचं मलम लावतात, कारण मिरची आणि गरम पाणी एकाच ठिकाणी लागतात. ताई, स्वयंपाकघरातल्या मसाल्याकडे बघू नकोस, ते मलम वेगळं असतं."

ताई खरंच उठायच्या बेतात होती.

दाजींनी पुडी हातात घेऊन उलटीपालटी केली. मला वाटलं, नशा हा शब्द त्यांना लागला असेल. जो ताडीला कधी शिवला नाही त्याला तीन वर्षं भांग चढल्याचं मी सांगत होते, आणि तेही चाळीस माणसांच्या समितीसकट. पण त्यांच्या मनात दुसरंच होतं.

"मंग देवीनं काय केलं?" ते म्हणाले. "मी तिला नवस बोललो हाय. तिच्या पान्यानं मला बरं वाटतं म्हनून सगळ्यांना सांगतो."

औषधाचं कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. शेवटी म्हटलं, "दाजी, तुमच्या गोळीला उतारा एकच होता आणि तो तिथं होता. ते पाणी कुणाचं?"

"पानी तिचंच," दाजी म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "आन तुमाला पन तिनंच धाडलं आसल."

"तिला हीच सापडली का," ताई म्हणाली, "आणि तीही झिंगलेली?"

कालपासून ती पहिल्यांदा हसली. मग रडली. मग दोन्ही.

त्याच दिवशी आम्ही ठाण्याला सर्जनकडे गेलो. मी बोलायचं नाही असं ठरलं होतं, दाजीच बोलले. पुडी टेबलावर ठेवली, कुंडाचं सांगितलं, गिझरचं सांगितलं. सर्जननी सगळं शांतपणे ऐकलं, पुडी उलटून वाचली आणि विचारलं, हे आधी का नाही सांगितलं?

"तुमी दारू इचारली, तंबाखू इचारली," दाजी म्हणाले. "पाचक कुठं इचारलं?"

ऑपरेशन महिनाभर पुढे ढकललं. गोळी पूर्ण बंद, मग पुन्हा तपासणी. मी काही बरोबर ठरले नव्हते, नुसती मुदत मिळाली होती.

मिरज

घरी आल्यावर पहिले दिवस वाईट गेले. ताईचे फोन यायचे. झोप नाही, चिडचिड, एकदा उलट्याही झाल्या आणि दाजींनी पुन्हा अकलोलीची गाडी काढली. मी ताईला धीर द्यायचे, चरबीत साठलेलं निघायला वेळ लागतो म्हणायचे, आणि फोन ठेवल्यावर पुस्तकं काढून बसायचे. मला भीती वाटत होती. एका झिंगलेल्या बाईच्या सांगण्यावरून एका माणसाचं ऑपरेशन थांबलं होतं, आणि पित्ताशयातच खरं दुखणं असलं तर? शेजारच्या वहिनींनी भिवंडी कशी होती विचारलं, तर मी मोसंबी छान होती म्हटलं.

मग फोन कमी झाले. ताई सांगायची, आज गिझर दोनदाच लावला. आज अर्धी भाकरी जास्त खाल्ली. दारूबंदी समितीत दाजींनी उभं राहून सगळं सांगितलं, त्यानंतरच्या सभेला अकरा माणसं आली, आणि फलकावरून भांडण झालं. दाजी म्हणाले, चालंल, आता खरी सभा झाली.

परवा सकाळी फोन आला तो दाजींचा. आवाज गोदामाच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा.

"मास्तरीणबाई, काल देवीला जाऊन आलो. कुंडात उतरलोच न्हाय. नुसता हात जोडला. तिला म्हटलं, आज काय मागनं न्हाय."

मी काही बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, थांबा, ऐका. फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. बादली सरकली. नळ बंद झाला. मग पाण्याचा एक मोठा लोट आणि त्याच्या मागोमाग दाजींची आरोळी, "आगं आय, गार हाय!"

आणि लांबून, बहुधा न्हाणीघराच्या दारातून, कुंदाताई हसत असल्याचा आवाज येत राहिला.